डब्लिनहून एका दिवसात मोहरचे कडे, बरनचा कातळ आणि गॉलवे: मोजक्या पैशांतली गाइडची सहल

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे पाहायला गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही आणि तिथे मुक्कामही करावा लागत नाही. डब्लिनहून सकाळी लवकर निघणारी गाइडची बस पकडली की कडे, बरनचा कातळ, एखादा जुना मठ किंवा किल्ला आणि गॉलवे शहर पाहून रात्री जेवायच्या वेळेला माणूस परत हॉस्टेलवर असतो. पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्या, एकेक युरो जपून वापरणाऱ्या माणसासाठी हा सौदा चांगला आहे. मात्र सगळ्या सहली सारख्या नसतात. फोटो सगळ्यांच्याच जाहिरातीत कड्यांचा असतो. खरा फरक पडतो तो बस बरनला, म्हणजे उघड्या चुनखडकाच्या त्या पट्ट्याला, किती वेळ देते यावर. आयर्लंडचा सहा हजार वर्षांचा इतिहास त्या पट्ट्यात उघड्यावर पसरलेला आहे, आणि बऱ्याच सहली तिथून काचेआडून निघून जातात. म्हणून सहल निवडण्यापासूनच सुरुवात करू. पण त्याही आधी एक गोष्ट.

व्हिसा

आयर्लंड युरोपीय संघात आहे, चलन युरो आहे, पण देश शेंगेन क्षेत्रात नाही. फ्रान्स-जर्मनीसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. एकदा प्रवेशाची फी ६० युरो, अनेकदा प्रवेशाची १०० युरो. ज्यांच्याकडे ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आहे अशा भारतीयांसाठी एक सवलत योजना आहे: त्याच व्हिसावर आधी ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करायचा आणि मग आयर्लंडला जायचं. या योजनेला मुदत असते आणि सरकार ती वेळोवेळी वाढवत आलं आहे, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर सद्यस्थिती पाहाच.

हे इतकं सांगायचं कारण असं की डब्लिनहून सुटणारी दुसरी लोकप्रिय सहल, जायंट्स कॉजवे आणि बेलफास्टची, उत्तर आयर्लंडात म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत जाते. रस्त्यात नाकं नाही, कुणी पासपोर्ट मागत नाही, त्यामुळे चालतंय असं वाटतं. पण केवळ आयर्लंडच्या व्हिसावर तिकडे जाणं बेकायदेशीर आहे. व्हिसावर ब्रिटिश-आयरिश संयुक्त व्हिसा योजनेची ‘BIVS’ अशी नोंद असेल तर दोन्हीकडे जाता येतं. तशी नोंद नसेल तर पश्चिम किनाराच धरा. मोहर, बरन, गॉलवे हे सगळं आयर्लंड प्रजासत्ताकातच येतं.

डब्लिनहून की गॉलवेहून?

जाण्याचे तीन मार्ग आहेत.

डब्लिनहून गाइडची सहल: सकाळी सात-आठला सुटते, संध्याकाळी सात-साडेसातला परत. भाडं हंगामानुसार साधारण ६० ते ९० युरो. एका युरोला शंभर रुपये धरून हिशेब केला तर ढोबळ अंदाज येतो. मुक्काम हलवायला नको, सॅक हॉस्टेलच्या लॉकरमध्ये राहते.

गॉलवेहून गाइडची सहल: सकाळी दहाच्या सुमाराला निघते, संध्याकाळी साडेपाच-सहाला परत येते आणि सहसा स्वस्त असते. बसमधले तास कमी, उतरून चालण्याचे तास जास्त. डब्लिन ते गॉलवे बसने अडीच तास लागतात. हातात दोन रात्री असतील तर मी बिनदिक्कत हाच मार्ग सुचवेन.

स्वतःच्या जिवावर: बस एरनची ३५० क्रमांकाची बस गॉलवेहून डूलिन, मोहरचे कडे करत एनिसला जाते. हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण फेऱ्या मोजक्या, एक चुकली की तिथेच खोळंबा. आणि गाइड नसला की बरन म्हणजे नुसते दगड वाटतात.

पुढचा सगळा मजकूर डब्लिनच्या सहलीबद्दल आहे, कारण बहुतेकांच्या हातात एकच दिवस असतो.

सहल निवडताना काय विचारायचं

थांब्यांची संख्या पाहू नका. नऊ ठिकाणं म्हणून जाहिरात करणाऱ्या सहलीत चार ठिकाणी दहा-दहा मिनिटं फोटोपुरती मिळतात. कड्यांवर निदान दीड तास, शक्यतो दोन, मिळतात का ते पाहा. बरनमध्ये बसमधून उतरवतात का, की नुसतं ‘बरनमधून प्रवास’ असं लिहिलंय? हा प्रश्न कंपनीला ईमेलने स्पष्ट विचारा. कॉरकमरोचा मठ किंवा पूलनाब्रोनची शिळा-समाधी यांपैकी एक जरी मार्गात असेल तर पाच-दहा युरो जास्त गेले तरी तीच सहल घ्या. कड्यांचं प्रवेशशुल्क भाड्यात धरलेलं असतं, तरी तेवढं वाचून खात्री करून घ्या. चोवीस तास आधीपर्यंत पैसे परत मिळतात का तेही पाहा, कारण तिथला हवामानाचा अंदाज दोन दिवस आधी बराच बदलतो. डूलिनहून कड्यांच्या पायथ्याशी नेणारी बोट काही सहलींत जोडलेली असते. समुद्र खवळला की ती रद्द होते, आणि त्यात गेलेला वेळ वरच्या पायवाटेतून वजा होतो. पहिल्या भेटीत मी पायवाटेला कौल देईन.

विद्यार्थी असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा, सवलत बहुतेक ठिकाणी असते.

आदल्या दिवशी

टेस्को, लिडल किंवा आल्डीत जाऊन डबा भरून घ्या: ब्रेड, चीज, केळी, दही, सुका मेवा. दहा-बारा युरोत सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण भागतं. डूलिनच्या पबमध्ये पोटभर जेवायला तेवढ्याचे वीस होतात. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली हॉस्टेलवरच भरा. घरून खाऊ आणायचा असेल तर चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी आणा. पेढे, बर्फी, पनीर, तूप आणू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

छत्री डब्लिनलाच ठेवा. कड्यांवरचा वारा ती क्षणात उलटी करतो, शिवाय दुसऱ्याच्या डोळ्याला धोका. टोपी असलेलं पक्कं पावसाळी जाकीट, आत एकावर एक दोन पातळ थर आणि पकड असलेले बूट हवेत. जुलैतही तापमान पंधरा अंशांच्या आसपासच असतं. ओला चुनखडक फार निसरडा असतो. ज्यांना बस लागते त्यांनी गोळी बरोबर ठेवावी, कारण महामार्ग संपल्यावर क्लेअरचे, म्हणजे कडे ज्या परगण्यात आहेत तिथले, रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत.

महिना निवडायची मुभा असेल तर मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा. फुलं असतात, पफिन पक्षी असतात, दिवस रात्री दहापर्यंत लांबलेला असतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं आणि गॉलवे दिव्यांच्या उजेडातच पाहावं लागतं.

सकाळ: ओ’कॉनेल स्ट्रीट

बऱ्याच बसेस ओ’कॉनेल स्ट्रीट किंवा त्याच्या आसपासहून सुटतात. सुटण्याची जागा तिकिटावर पाहून ठेवा आणि अर्धा तास आधी पोहोचा. बस कुणासाठी थांबत नाही, आणि हा अर्धा तास फुकट जात नाही.

रस्त्याच्या मध्यावर खांबांची भव्य इमारत दिसते ती मुख्य टपाल कचेरी, जीपीओ. २४ एप्रिल १९१६ रोजी पॅट्रिक पिअर्सने याच इमारतीसमोर स्वतंत्र आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला आणि ईस्टरचा उठाव सुरू झाला. आठवडाभरात ब्रिटिश तोफखान्याने परिसर भाजून काढला. खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, जवळ जाऊन हात लावून पाहता येतात. त्याच एप्रिल महिन्यात इकडे बेळगावला लोकमान्य टिळकांनी आयरिश चळवळीच्या धर्तीवर होमरूल लीग स्थापन केली होती. मराठी माणसाने त्या खांबांपाशी दोन मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून नदीकडे चालत गेलं की डॅनियल ओ’कॉनेलचं स्मारक. पायथ्याशी पंख असलेल्या स्त्रियांच्या मूर्ती आहेत, त्यांच्याही अंगावर गोळ्यांची भोकं आहेत. हा माणूस नीट लक्षात ठेवा, कारण आजची सहल त्याच्याच मतदारसंघात चालली आहे. १८२८ मध्ये तो क्लेअर परगण्यातून पोटनिवडणूक जिंकला. कॅथलिक असल्यामुळे त्याला संसदेत बसता येत नव्हतं. त्या पेचातून पुढच्याच वर्षी, १८२९ मध्ये, कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा झाला.

बसमध्ये डाव्या बाजूची खिडकी धरा. बहुतेक सहली आधी कडे करून मग किनाऱ्याने उत्तरेला गॉलवेकडे जातात आणि त्या वाटेवर समुद्र डावीकडे असतो. सहल उलट्या दिशेने जाणार असेल तर उजवीकडे बसा.

रस्त्यात

पहिले तीन तास बरेचसे महामार्गाचे. झोप काढायची तर आत्ताच काढा. लिमरिकच्या बाजूने जाणारी बस बऱ्याचदा मनिगॉल गावाजवळच्या बराक ओबामा प्लाझावर चहापाण्याला थांबते. ओबामांच्या आईकडचा एक पूर्वज, फॅलमथ कर्नी, १८५० मध्ये याच गावातून अमेरिकेला गेला. नावाची गंमत वाटते, पण १८५० हे साल पाहा. दुष्काळात गाव सोडून गेलेल्या लाखोंपैकी तो एक होता.

गाइड या दुष्काळाबद्दल बोलू लागला की कानातले इअरफोन काढून ठेवा. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर, आणि धान्य मात्र देशाबाहेर जातच राहिलं. सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ साली बेटावर ८२ लाख लोक होते. आजही तेवढे नाहीत.

कड्यांवर

बस वाहनतळावर थांबली की गाइड परतीची वेळ सांगतो. ती मोबाइलवर लिहा आणि बसच्या नंबरचा फोटो काढा, कारण तिथे सारख्या दिसणाऱ्या बसेसची रांग असते. टेकडीच्या पोटात बांधलेलं अभ्यागत केंद्र लगेच दिसतं. पाऊस नसेल तर आत शिरू नका, प्रदर्शन परतताना पाहता येईल. सरळ कड्याकडे चला.

समुद्राकडे तोंड केलं की उजवीकडे ओ’ब्रायनचा बुरूज. स्थानिक जमीनदार आणि खासदार कॉर्नेलियस ओ’ब्रायनने तो १८३५ मध्ये पाहुण्यांना देखावा दाखवायला बांधला. कडे याच्याच जवळ सर्वांत उंच, २१४ मीटर आहेत. हवा स्वच्छ असली तर इथून आरन बेटं आणि पलीकडे कॉनेमाराचे डोंगर दिसतात. डावीकडे दक्षिणेचा सज्जा. वसंत आणि उन्हाळ्यात समोरच्या गोट आयलंडच्या हिरवळीवर पफिन बसलेले असतात. ते कबुतराहून फारसे मोठे नसतात, दुर्बीण नसेल तर नुसते पांढरे-काळे ठिपके दिसतात. जुलै सरता सरता ते निघून जातात.

वेळेची वाटणी अशी करा: आधी डावीकडे, मग उजवीकडे. कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी त्यांचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपार होईल तसा उजळत जातो. बुरुजाकडून दिसणारी कड्यांची सलग रांग उशिरा पाहिलेली बरी. धुकं असेल तर हिरमुसून उपाहारगृहात बसू नका. वाऱ्याने ते अनेकदा दहा-पंधरा मिनिटांत फाटतं.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघा. पायवाटेच्या कडेला उभ्या शिळांची जी भिंत आहे, त्या जवळच्या लिसकॅनर गावच्या फरशा आहेत. तिच्यावर नागमोडी, बोटाएवढ्या जाडीच्या उठावदार रेघा दिसतील, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. कोरीवकाम नाही ते. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी इथे एका प्रचंड नदीचं मुख होतं, आणि तिथल्या चिखलात वळवळत फिरणाऱ्या छोट्या जीवांच्या या वाटा आहेत. चिखलाचा दगड झाला, वाटा तशाच राहिल्या. संपूर्ण कडा हा असाच वाळू आणि गाळाच्या थरांनी घडला आहे, आणि म्हणूनच तो ठिसूळ आहे.

त्यामुळे भिंतीच्या पलीकडे फोटोसाठी अजिबात जाऊ नका. वरचं गवत भक्कम वाटतं, पण खालची माती समुद्राने पोखरलेली असते. इथे माणसं पडून मेली आहेत. किनाऱ्याने दूर जाणाऱ्या पायवाटेचे काही भाग याच कारणाने बंद ठेवले गेले आहेत. फलक वाचा आणि बंद म्हटलं तिथून परत फिरा.

डूलिन

जेवणाचा थांबा. डबा असेल तर बाहेर बसून खा आणि आत जाऊन एखादं गरम सूप घ्या. माशांचं घट्ट चाउडर आणि सोडा ब्रेड ही इथली खासियत. शाकाहारी असाल तर भाज्यांचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं, मात्र त्यात चिकनचा स्टॉक आहे का हे विचारा. हे गाव पारंपरिक संगीतासाठी नावाजलेलं आहे, पण मैफली रात्री रंगतात. दिवसाच्या सहलीत ते सुख नाही.

बरन

डूलिन सोडलं की वीसेक मिनिटांत झाडं संपतात आणि जमीन राखाडी होते. कोकणातला सडा ज्याने पाहिला आहे त्याला ही जागा परकी वाटणार नाही: दुरून उजाड कातळ, आणि वाकून पाहिलं की फुलंच फुलं. सडा जांभ्या दगडाचा, हा चुनखडकाचा. कड्यांच्या दगडाहूनही जुना, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी उष्ण समुद्राच्या तळाशी साचलेला. हिमयुगात बर्फाने वरचं सगळं खरवडून नेलं. पुढे पहिल्या शेतकऱ्यांनी जंगल तोडलं आणि उरलीसुरली माती पावसाने वाहून नेली.

उतरायला मिळालं की कातळातल्या एखाद्या भेगेपाशी उकिडवे बसा. वरून वारा सोसाट्याचा, आत मात्र दमट, ऊबदार शांतता असते. लांब जिभेसारख्या पानांचं नेचं, त्याच्या शेजारी किरमिजी क्रेन्सबिल. मे महिन्यात वरच्या पातळ गवतात जेन्शियनचं गडद निळं फूल, नखाएवढं. ते आल्प्सचं. त्याच्या हातभर अंतरावर भूमध्य सागराकाठचं ऑर्किड असतं. अशी दोन टोकांची झाडं एकाच जागी युरोपात फार क्वचित भेटतात. फुलं तोडू नका, आणि दगडांवर दगड रचून मनोरेही करू नका. हौशी पर्यटकांनी रचलेल्या अशा ढिगांसाठी उचललेल्या दगडांनी इथल्या जुन्या भिंती आणि पुरातत्त्वीय खुणा बिघडतात.

बस पूलनाब्रोनला थांबली तर नशीब समजा. उभ्या शिळांवर एक पातळ, तिरपी शिळा तोललेली, एवढंच दिसतं. १९८०च्या दशकात एका उभ्या शिळेला तडा गेला म्हणून उत्खनन झालं, आणि आत तीसहून जास्त माणसांच्या अस्थी सापडल्या. इसवी सनापूर्वी ३८०० ते ३२०० या काळातल्या. बहुतेक जण तिशीच्या आत गेलेले. खांदे आणि मान ओझी वाहून झिजलेली, आणि एकाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचं टोक रुतलेलं. दोरीच्या बाहेर उभे राहून हे आठवा, म्हणजे समोरचे दगड बोलू लागतात.

कॉरकमरोचा मठ बाराव्या शतकाच्या शेवटी सिस्टर्शियन साधूंनी उभारला. प्रवेश फुकट. छप्पर गेलं आहे, पण खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या पाना-फुलांकडे मान वर करून पाहा.

टेकड्यांवर चढत जाणाऱ्या, कुठेच न पोहोचणाऱ्या दगडी भिंती दिसल्या की गाइडला विचारा. त्यातल्या काही दुष्काळात उपाशी माणसांकडून मूठभर मजुरीवर बांधून घेतलेल्या आहेत. क्लेअरची वस्ती १८४१ मध्ये २ लाख ८६ हजार होती, दहा वर्षांत ती २ लाख १२ हजारांवर आली. त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधी इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजा इथे आल्या, तेव्हा त्यांच्या सेनानी लडलोने लिहून ठेवलंय की या मुलखात माणूस बुडवायला पाणी नाही, टांगायला झाड नाही, पुरायला माती नाही. गाइड एवढंच सांगून हशा घेतात. लडलोने पुढे हेही लिहिलं की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत. त्याचं निरीक्षण अचूक होतं. कातळ उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो, म्हणून इथले शेतकरी हिवाळ्यात गुरं डोंगरावर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात. गुरांनी हिवाळ्यात गवत खाल्लं की वसंतात फुलांना ऊन मिळतं. फुलांचा तो सगळा थाट या शेतकऱ्यांमुळे टिकला आहे.

गॉलवे आणि परत

वाटेत किनव्हाराजवळ सोळाव्या शतकातला डंगुअर किल्ला लागतो, फोटोपुरता. गॉलवेत तास-दीड तास मिळतो. आयर चौकातून शॉप स्ट्रीटने सरळ नदीकडे चाला, रस्त्यात वादक भेटतील. उजव्या हाताला १३२० चं सेंट निकोलसचं चर्च, नदीकाठी १५८४ ची स्पॅनिश आर्च. तेवढं पुरे. दुकानांत अडकलात तर बस चुकेल. गाइडशी गप्पा झाल्या असतील तर महाराष्ट्रातून आलो म्हणून सांगा. आयर्लंडचे पंतप्रधान राहिलेले लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड आहे, हे ऐकलं की बोलणं हमखास वाढतं. चालक-गाइडला उतरताना पाच युरो देण्याची रीत आहे, सक्ती नाही.

सगळा हिशेब मांडला तर सहल, डबा, एक सूप आणि बक्षिशी मिळून साधारण ८५ ते ११५ युरोंत दिवस निघतो. रात्री डब्लिनमध्ये शहरबसला लीप कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, वापरा. दोन युरोत दीड तास बस, ट्राम आणि लोकल बदलता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जा. तळमजल्यावर सोन्याच्या दालनात ग्लेनिन्शीनचा गळपट्टा आहे, सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचा. १९३२ मध्ये तो बरनमधल्याच एका कातळभेगेत सापडला, पूलनाब्रोनपासून जवळच. प्रवेश फुकट आहे. रविवारी आणि सोमवारी संग्रहालय दुपारी एकला उघडतं, इतर दिवशी सकाळी दहाला.